आपट्याचं मिटलेलं पान

यावल,
बुधवार, ८ ऑक्टोबर २०२५

चि. सौ. दिपमालास,

अमृतचे अनेक आशीर्वाद. इकडे सर्व ठीक आहे. नवीनरावांना नमस्कार, तुझ्या सासूबाईंना दंडवत. मयुरीला काय लिहावं ते पत्र संपता संपता ठरवीन.

दसऱ्याला फोनवर तू म्हणालीस, "तू आयुष्यात हातानं केलंस तरी काय, भाऊ? वायरी गुंडाळल्या अन् मेलेल्या पाकोळ्यांना टाचण्या मारल्या." तर आधी त्याची यादी देतो. पाकोळ्यांचे पंख पसरवायच्या नऊ फळ्या, घायपाताच्या वाळक्या दांड्याचा गाभा चिरून; मधली खाच दीड मिलिमीटर, कुठल्याही टोकाला मोज, दीडच भरेल. टाचण्या चारशे, बारीक स्टेनलेस तारेच्या, टोकं तेलदगडावर घासलेली, कारण दुकानातली टाचणी एवढ्याशा जिवातून नेली तर जीवच दिसत नाही, नुसती टाचणी दिसते. जुन्या डीव्हीडी प्लेअरच्या भिंगांचा एक सूक्ष्मदर्शक. अळ्या वाढवायचे बासष्ट डबे, बांगड्यांच्या दुकानातून आणलेले, झाकणाला भोक पाडून वर नायलॉनची जाळी. बारा खणांचं सागवानी कपाट, खण इतके चपखल की एक लोटला की दुसरा हवेनं आपोआप थोडा पुढे येतो. आणि विहिरींवरच्या मोटारी. पाच, साडेसात, दहा हॉर्सपॉवरच्या. जळाल्या की आतली तार वेढ्या-वेढ्यानं नव्यानं भरायची; किती भरल्या ते मोजलं नाही, पण माझ्या हातून भरलेली मोटार वर्षाच्या आत जळून परत आली असं तालुक्यात कुणी सांगावं. दहावी नापास माणसाला एवढं पुष्कळ झालं.

यादीत एक वस्तू घातलेली नाही. ती मी हातानंच केली, आणि आयुष्यात तेवढं एकच काम अर्धवट सोडलं. तिच्यावर येतो. मला जरा वेळ दे.

तुझ्या वहिनीचा, रूपालीचा, गुडघा आता बरा आहे. पाऊस काही जायचं नाव घेत नाही, केळीवर करपा आलाय, विहिरी काठोकाठ, त्यामुळे मोटारी बंद आणि दुकानात मी माश्या मारतो. भिकूकाकू पंच्याऐंशीच्या झाल्या, कान गेले, तोंड शाबूत आहे. परवा म्हणाल्या, "अमृत, दिपाची पोरगी चालते ना नीट?" मी म्हटलं, चालते. खोटं बोललो. नवीनरावांनी मला दोनदा फोन केला होता, ते तुला माहीत नसेल. त्यांनी सगळं सांगितलं: तिच्या डाव्या पावलाचं आतलं हाड तिरकं वाढतंय, बूट लागतो, संध्याकाळी लंगडते. नाशिकचे डॉक्टर म्हणतात, जोडलेली बोटं आता सोडवली तर पाऊल सरळ राहील, सहा वर्षांनंतर अवघड. आणि तू ऐकत नाहीस. म्हणून मी दसऱ्याला फोन केला होता, तू विचारलंस ते वेगळंच.

तू म्हणालीस, "ज्या खुणेनं आई परत आली ती खूण मी कापून टाकू? आणि हे तू सांगणार? पाच वर्षांत एकदा तिला मांडीवर घेतलं नाहीस!"

खरं आहे. घेतलं नाही. का घेतलं नाही, हेच या पत्रात आहे. पण ते पाकोळीच्या वाटेनंच सांगता येईल, दुसऱ्या वाटेनं मला येत नाही. कंटाळा आला तरी वाच.

आपल्या बांधावरचं आपट्याचं झाड तुला आठवतं. त्याचं पान म्हणजे मधल्या शिरेवर जोडलेली दोन अर्धी पानं. या पानावर एक पाकोळी राहते. मी दिवे लावून, पांढरी चादर टांगून पाकोळ्या धरणाऱ्यातला नाही. तसं कुणीही धरतं, आणि धरलेली कुठून आली ते त्याला कळत नाही. मी दिवसा गुंडाळलेली पानं आणतो, डब्यात ठेवतो, आणि आतून काय निघतं त्याची वाट बघतो. म्हणून मला जन्मापासून माहीत असतं.

अंडं पानाच्या वरच्या अंगाला, शिरेजवळ. माशाच्या खवल्यासारखं चपटं, खसखशीच्या दाण्याच्या निम्मं. नवव्या दिवशी अळी निघते, दोऱ्याच्या तुकड्याएवढी. ती पानाच्या एका अर्ध्यावरून दुसऱ्या अर्ध्यावर धागा नेते, परत आणते, परत नेते. ओला धागा वाळला की आखडतो, आणि पान केसभर ओढलं जातं. मग त्यावर आणखी. जोर असा कुठे लावतच नाही. एका बंधात तीस ते चाळीस धागे, एका पानाला नऊ बंध. मी मोजलेत, माझं कामच वेढे मोजायचं. दीड दिवसात पान वही मिटावी तसं मिटतं. मग ती आतली साल खाते, बाहेरची ठेवते. बाहेरून पान हिरवंगार, काही झालंच नाही असं. विष्ठा आत ठेवत नाही, मागच्या टोकाला फणीसारखा अवयव असतो त्यानं वीतभर लांब उडवते, म्हणजे गांधीलमाशीच्या जातीच्या बारीक माश्यांना वासावर घर सापडू नये. तरी सापडतंच. शंभर पानं आणली तर एकतीस पानांतून पाकोळी निघायच्या ऐवजी माशी निघते. अळी आतून संपलेली असते, पण शेवटच्या दिवसापर्यंत हलते.

पाकोळी व्हायची वेळ आली की कोष पाठीवरच्या काट्यांनी सरकत सरकत अर्धा पानाबाहेर येतो आणि फुटतो. ती उडून जाते. रिकामं कवच तिथंच राहतं, फटीतून डोकं बाहेर काढून. झाडाखाली उभं राहून वर पाहिलं की शेकडो दारांत कुणीतरी येऊन थांबल्यासारखं दिसतं. सुरुवातीला मला ते पाहून बरं वाटायचं, चांगलं वर्ष म्हणून. आता मी वर पाहत नाही, हाताजवळची पानं घेतो आणि निघतो.

पाकोळी बसली की घंटेच्या आकाराची, पंख पसरून बारा मिलिमीटर, रंग भाकरीच्या करपलेल्या काठाचा. तिला अजून नाव नाही. हे मी म्हणत नाही, जळगावच्या कॉलेजातले प्राध्यापक हितेंद्र म्हणतात. तीन वर्षं त्यांनी देशातल्या-परदेशातल्या पुस्तकांत शोधलं. पीएच.डी. झालेला माणूस माझ्या दुकानात तेलाच्या डब्यावर बसून विचारतो, "अमृतभाऊ, हे तुम्हाला कसं सुचलं?" मला ते आवडतं, लपवत नाही.

पण खरं सांगू? मला नाही सुचलं. तू सहाची होतीस, मी बाराचा. दसऱ्याच्या आदल्या दिवशी आईबरोबर सोनं तोडायला बांधावर गेलो होतो. मी एक मिटलेलं पान तोडायला गेलो तर आईनं हातावर चापट मारली. "मिटेल पान नको घेऊ. त्याच्यात कोनी हाये." तू विचारलंस, "कोन हाये?" आई म्हणाली, "मले काय ठाऊक? घर दिसते ना, मंग हाये कोनी." तू विसरली असशील. मीही विसरलो होतो, मागच्या भाऊबीजेपर्यंत.

आता कपाटाबद्दल. पहिल्या खणात या जातीच्या सत्तेचाळीस पाकोळ्या आहेत. प्रत्येकीखाली चिठ्ठी: गाव, तारीख, कुठल्या झाडावर, कुणी वाढवली. सेहेचाळीस चिठ्ठ्यांवर झाड लिहिलंय, आपटा. नंबर एकवर रिकामी जागा आहे. हितेंद्रसरांच्या ते पहिल्या दिवशीच लक्षात आलं. "भाऊ, तुम्ही कागदाचा कोपरासुद्धा मोजून कापता, आणि ही जागा रिकामी?" मी म्हटलं, राहून गेलं. मग त्यांनी सगळ्या पाकोळ्या सूक्ष्मदर्शकाखाली तपासल्या आणि म्हणाले, "गंमत बघा, तुम्ही वाढवलेले सगळेच्या सगळे नर आहेत. सहा वर्षांत मादी एकच. ही नंबर एक." मादीशिवाय अंडी कुठून येतील, म्हणजे झाडावर माद्या आहेतच. पण माझ्या बासष्ट डब्यांतून आजपर्यंत एक निघालेली नाही. का, ते सांगता येत नाही. मला सांगता येत नाही असं मी क्वचित म्हणतो.

नंबर एकच्या चिठ्ठीवर तारीख आहे २० सप्टेंबर २०१९. जागा: यावल, मधलं घर.

तारीख तुला ओळखू आली असेल.

आई ११ तारखेला गेली. शेवटच्या आठवड्यात तू जवळ होतीस, तिनं तुझा हात धरून म्हटलं होतं, "रडू नको, मी तुह्याच पोटी येईन." ते मीही ऐकलं, पाणी घेऊन दारात उभा होतो. त्याआधी मूल व्हावं म्हणून केलेले तुझे तीन वेळचे उपचार वाया गेले होते, आणि तू आता पुन्हा नाही म्हणून बसली होतीस. मग सासूबाई पडल्या म्हणून तुला सातव्या दिवशी धुळ्याला परत जावं लागलं. जाताना उंबऱ्यात मला म्हणालीस, "भाऊ, पिठावर काय निघतं ते मला पहिल्यांदा सांग. मुंगी निघाली तरी खरं सांग."

नवव्या दिवशी संध्याकाळी, आई जिथं गेली त्या जागी पीठ मीच पसरलं. काकूंनी चाळून दिलं. गेलेला माणूस पुढे कुठल्या जन्माला गेला त्याची खूण रात्रीतून पिठावर उमटते, या गोष्टी मी मानत नाही, काकूंना तसं सांगितलंही. त्या म्हणाल्या, "तू नको मानू, पीठ सारखं कर." मग काम म्हणून केलं, आणि काम म्हटलं की मी ते नीट करतो. मोटारीत तारेखाली घालतात त्या कडक कागदाची पट्टी फिरवून पीठ असं सपाट केलं की त्यावर फुंकर मारायची भीती वाटावी. मधे दिवा. वर मोठी टोपली पालथी, टोपलीवर आईचं लुगडं, लुगड्याच्या कडा चहूबाजूंनी विटांनी दाबल्या. आत मुंगी जायची सोय ठेवली नाही. सकाळी सगळ्यांनी मिळून उघडायचं असं ठरलं.

मी सगळ्यांच्या आधी उठलो, पावणेसहाला. भिंग घेतलं आणि सवयीनं काचेची नळी खिशात टाकली. का उठलो म्हणशील तर मला वाटलं, झुरळाची किंवा पालीची रेघ असेल तर आधीच पाहून ठेवावी, म्हणजे काकूंनी तिचा नाग-बिग केला तर सांगता येईल. विटा काढल्या, लुगडं बाजूला केलं, टोपली उचलली.

दिवा जळत होता. पिठावर एक बारीक रेघ होती, सुईनं ओढल्यासारखी. दिव्याच्या बुडापासून निघालेली, दिव्याभोवती फिरलेली. तीन वेढे. मी मोजले. तीन पूर्ण वेढे, एकमेकांपासून सारख्या अंतरावर, माझ्या हातचे असावेत इतके सारखे. तिसऱ्या वेढ्याच्या शेवटी ती बसली होती, घंटेसारखी, तोंड माझ्याकडे. असली पाकोळी मी त्याआधी पाहिली नव्हती. अळ्यांचे डबे तेव्हा त्याच घरात फळीवर होते. नंतर जाऊन मी पहिल्यांदा तेच तपासले. चौदा कोष होते, चौदाही बंद. आपट्याच्या झाडावर तोवर मी कधी शोधलंही नव्हतं. ती कुठून आली, ते मला आजही ठाऊक नाही. विटा जागच्या जागी होत्या, हे मात्र मी कुणापुढेही सांगेन.

दिपा, मी तिला नळीत घेतलं. सवय. नवीन जात दिसली की हात आपोआप पुढे जातो. ती उडाली नाही, आपण होऊन चढली. बूच लावलं, आणि मग पिठाकडे पाहिलं, आणि तुझा फोन येणार हे आठवलं. तुला काय सांगू? किडा? खरं सांग म्हणाली होतीस. पण मला तुझा उंबऱ्यातला चेहरा दिसत होता. किडा ऐकला असतास तर तू त्या दिवशी संपली असतीस. म्हणजे डॉक्टरकडे कधीच गेली नसतीस, एवढंच म्हणतो.

मी पट्टी फिरवून रेघ पुसली. पीठ पुन्हा सपाट केलं. नळी उजव्या हातात होती, म्हणून डावी मूठ पिठावर टेकवली, कडेनं, गोकुळाष्टमीला आई बाळकृष्णाची पावलं काढायची तशी. डाव्या पायाचं पाऊल उमटलं. मग बोटानं अंगठा काढला. त्याच्या शेजारी एक, दोन, तीन. करंगळीसाठी बोट उचललं आणि मागं काकू खोकल्या. कडी वाजली. मी टोपली पालथी घातली, लुगडं ओढलं, विटा ठेवल्या. करंगळी राहिली.

यादीत न घातलेली वस्तू ती.

पुढचं तुला सगळ्यांनी सांगितलंय, फक्त तेव्हा मी काय करत होतो ते कुणाला माहीत नाही. काकूंनी टोपली उचलली आणि ओरडल्या, "अव माय! मानसाचं पाऊल! शेवंता मानसातच आली व!" बायका रडायला लागल्या. काकूंनी खाली वाकून बोटं मोजली. "चारच दिसू राह्यली. पाचवं कुठी गेलं?" मग स्वतःच म्हणाल्या, "घाईत निघाली असन. जिवंतपनी तरी कुठी शांत बसली?" आणि सगळे रडता रडता हसले. मीही हसलो. नळी माझ्या सदऱ्याच्या खिशात होती.

नळीच्या बुडाशी औषधाचा बोळा असतो, त्यानं पाकोळी मरते. एरवी दोन मिनिटं लागतात. मी घड्याळ पाहायच्या सवयीचा माणूस, म्हणून पाहिलं. अकरा मिनिटं. बायका पावलाला हळदकुंकू वाहत होत्या आणि माझ्या छातीवर, सदऱ्याच्या कापडातून, ती अकरा मिनिटं फडफडत होती. बाहेर जाऊन बूच काढता आलं असतं. कुणी अडवलं नव्हतं. मी उभा राहिलो, कारण बूच काढलं असतं तर नवीन जात हातची गेली असती. हे लिहायला मला सहा वर्षं लागली. पावलाचं मी तुला कधी ना कधी सांगितलं असतं. या अकरा मिनिटांचं सांगणार नव्हतो.

मग तुझा फोन आला. "भाऊ, काय निघालं?" मी म्हटलं, पाऊल. लहान मुलाचं. तू म्हणालीस, "मले माहीत होतं." आणि माघात तू पुन्हा उपचाराला नाशिकला गेलीस.

सहा नोव्हेंबरला मयुरी झाली. तू तिच्या पावलांचा फोटो पाठवलास, खाली लिहिलंस, भाऊ बघ, काकूनं मोजली होती तेवढीच. डावं पाऊल, अंगठा आणि तीन बोटं, शेवटचं त्याच्या शेजारच्यात मिसळलेलं. मी दुकानात होतो. समोर मोटार उघडी, वेढे मोजत होतो, आकडा विसरलो. आयुष्यात पहिल्यांदा ती मोटार दुसऱ्याकडून भरून घेतली.

इथल्या डॉक्टरांना विचारलं. म्हणाले, हजार-दोन हजारांत एखाद्या बाळाचं असं होतं, घराण्यात असतं बऱ्याचदा. तुझ्या सासऱ्यांकडे कुणाची बोटं जोडलेली आहेत का? नवीनरावांच्या आजोबांची, आत्यांची? मला खरंच माहीत करून घ्यायचं आहे, विचारून कळव. आपल्याकडे कुणाची नाहीत. काकूंची, रूपालीसमोर, पाहून घेतली मी. शिव्या खाल्ल्या.

तुला वाटलं मी गर्वानं येत नाही. मला त्या पोरीच्या पायाकडे बघवत नव्हतं. माझ्या हातून राहिलेलं काम अंगणात चालत होतं.

आणि मग मागची भाऊबीज. तू आत पुरणाला बसली होतीस, मयुरी माझ्या मागे मागे बांधावर आली. मी आपट्याची मिटलेली पानं पिशवीत भरत होतो. चार वर्षांची पोर, सासरची बोली तिच्या तोंडात. मी एक पान उघडायला नखं लावली तर तिनं माझ्या हातावर चापट मारली. "मामा, उघाडू नको. यामा कोनी शे."

मी विचारलं, कोण शे? ती म्हणाली, "माले काय माहीत?" आणि उन्हात उभी राहून माझ्याकडे बघत राहिली, डाव्या पायावर भार न देता.

तिला हे कुणी सांगितलं? तू सांगितलं असशील तर सांग, मला हलकं वाटेल. तू विसरली होतीस असं मी वर लिहिलंय, कदाचित विसरली नसशील. मी पिशवी तिथंच टाकली आणि दुकानात गिऱ्हाईक आलंय म्हणून निघून गेलो. भाऊबीजेच्या दिवशी ओवाळून न घेता. तू आरती घेऊन दारात उभी राहिलीस, ते मला रूपालीनं सांगितलं.

आता मुद्द्याचं. पिठावरचं पाऊल आईचं नव्हतं. ते माझ्या डाव्या मुठीचं होतं, आणि त्याला चार बोटं होती कारण काकू खोकल्या. ती खूण नाही. ते माझं घाईतलं काम आहे, आणि पोरीनं माझ्या घाईपायी लंगडू नये. नाशिकची तारीख घे. मला शिव्या दे, माहेर बंद कर, पण आधी तारीख घे.

आणि मयुरी आईचं रूप नाही असं मी म्हणत नाही. आई कुठे गेली ते मला माहीत नाही. पिठावर खरोखर जे होतं तेवढंच मला माहीत आहे, आणि ते तुझ्यापासून सहा वर्षं लपवलं, तेही तुझं असताना. म्हणून या पत्राबरोबर एक पेटी पाठवतोय. शेजारच्या भिकनच्या हाती, तो उद्या धुळ्याला जातोय, मांडीवर धरून आणेल, एसटीच्या टपावर टाकणार नाही. पेटी सागवानी, वर काच, आत नंबर एक. चिठ्ठीवरची रिकामी जागा मी काल भरली. तिथं लिहिलंय, पीठ. काच उघडू नकोस, मुंग्या येतात. डांबरगोळी वर्षानं बदल.

एक गोष्ट अजून. मी काल पेटी बंद करताना भिंगातून पाहिलं. सहा वर्षांपूर्वी टाचणी लावताना मिशा मागे वळवल्या होत्या, माझी तशी पद्धत आहे. आता त्या पुढे आहेत. हवेतल्या ओलीनं सैल पडतात कधी कधी, यंदा पाऊस जास्त आहे. तसंच असेल.

भाऊबीज २३ तारखेला आहे. मी सकाळच्या गाडीनं निघेन, दीड-दोनपर्यंत धुळ्यात. दार उघडायचं की नाही ते तू ठरव. उघडलंस तर मयुरीला सांगून ठेव, मामा येणार आहे, आणि मामाला तिचं डावं पाऊल हातात घेऊन बघायचं आहे.

तिला माझा गोड पापा. हे शेवटी ठरवीन म्हटलं होतं, तर ठरवलं.

तू खरं सांग म्हटल्यावर सहा वर्षांनी सांगणारा,
तुझा भाऊ,
अमृत

ता. क. मेलेली पाकोळी म्हणून पेटी रागाच्या भरात उकिरड्यावर टाकू नयेस यासाठी लिहितो. गणपतीनंतर हितेंद्रसर बंगळूरच्या एका संग्राहकाला घेऊन आले होते. एकच मादी आहे म्हणून त्यांना नंबर एक हवी होती, ती मिळाली तर जातीला नाव देता येईल, आणि नाव माझं देऊ म्हणाले. अमृतची पाकोळी, पुस्तकात कायमची. दोन कप चहा झाला. मग म्हटलं, ती विकायला माझी नाही. संग्राहक हसले, विचारलं, मग कुणाची? मी म्हटलं, धुळ्याला बहीण आहे, तिची. त्यांनी कागदावर आकडा लिहून माझ्यापुढे सरकवला, मी वाचला आणि परत सरकवला. दोन लाख चाळीस हजार.